उत्तराचं पत्र थांबव, आधी त्यांच्या घरी जा

पोरी,

रात्री उशिरा आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. असिस्टंट टीम मॅनेजर होऊन महिना नाही झाला आणि एका फॉस्टर केअररची (कौन्सिलने सोपवलेलं मूल घरी सांभाळणाऱ्या बाईंची) चार पानी कंप्लेंट, तीपण तुझ्याच टीममधल्या सोशल वर्करबद्दल, झोप उडणारच गं. पण तू घाईघाईने जे उत्तर लिहून मला पाठवलंयस (नावं काढलीस ते बरं केलंस) ते आज पाठवू नकोस. मी दोनदा वाचलं. त्यात केसलोड आहे, दोन जागा रिकाम्या आहेत ते आहे, पॉलिसी आहे, आणि तो नऊ वर्षांचा मुलगा अख्ख्या पत्रात एकदाच येतो.

आता त्या बाईंची चार पानं परत वाच. शनिवारी आईची भेट ठरली होती, पोरगं नऊपासून बूट घालून खिडकीत बसलं आणि अकराला मेसेज आला की रद्द. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही कोणी करायची हे ठरेना म्हणून वर्गातला तो एकटा मागे राहिला. त्या घरात येऊन अजून वर्षपण झालं नाही त्याला, म्हणजे दर सहा आठवड्यांच्या आत सोशल वर्करची व्हिजिट व्हायलाच हवी, इथे नऊ आठवडे झालेत. यात त्या बाईंनी स्वतःसाठी काय मागितलंय सांग? काहीच नाही. मी इतकी वर्षं इंग्लंडात हे काम केलं, केअररच्या कंप्लेंटमध्ये बहुतेक वेळा मुलाचीच खबर असते, आपल्याला आधीच कळायला हवी होती अशी.

म्हणून मुलाचं काम कंप्लेंटच्या तारखांवर थांबवू नकोस. व्हिजिट याच आठवड्यात, प्लेसमेंट प्लॅन (मूल त्या घरी ठेवतानाचा लेखी करार) उघडून डेलिगेटेड अथॉरिटी, म्हणजे केअररला दिलेले अधिकार, काय लिहिलीय ते बघ, केस कापणं, मित्राकडे रात्री राहणं, सहल, असल्या गोष्टी केअररने ठरवायच्या की आपण ते तिथे स्पष्ट असायला हवं, नसेल तर लिहून घे. आयआरओला, म्हणजे मुलाच्या केअर प्लॅनवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र रिव्ह्यूइंग ऑफिसरला, पण कळव.

प्रोसिजरचं थोडक्यात सांगते. 1989 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम 26 मध्ये केअररला हा हक्कच दिलाय, फोनवर बोलून दाखवलेली कंप्लेंटसुद्धा कंप्लेंटच असते, तेव्हा आजच कंप्लेंट्स मॅनेजरकडे नोंद कर. पहिल्या टप्प्याला कामकाजाचे 10 दिवस, गुंतागुंत असेल तर 20, पण 20 आपलेच आहेत असं धरून बसू नकोस. समाधान झालं नाही तर दुसरा टप्पा, तिथे इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर आणि बाहेरची एक इंडिपेंडंट व्यक्ती येते, कामकाजाचे 25 ते 65 दिवस, मग पॅनेल, मग ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलबाहेरचा स्वतंत्र तक्रार अधिकारी. मी दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या केअरर्सशी बोललेय, पहिलं वाक्य फार वेळा तेच ऐकलं, की आम्हाला कोणी साधा फोनपण केला नाही. आणि त्या सोशल वर्करने मुलाला इजा केली किंवा केली असावी असं काही त्या पानांत असेल तर हा रस्ताच नाही, कामकाजाच्या एका दिवसाच्या आत लाडोकडे, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांवरचे आरोप बघणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याकडे.

आता माझं सांगते, हे तुला कधी बोलले नव्हते. खूप वर्षांपूर्वी माझ्यावरपण अशीच कंप्लेंट आली होती. एका मुलीला तिच्या लहानपणाच्या फोटोंचं लाइफ स्टोरी बुक आणून देईन म्हणाले होते, तीन वेळा म्हणाले, आणलं नाही. माझ्या मॅनेजरने मला पूर्ण वाचवलं, असं पत्र लिहिलं की चूक कुठे सापडूच नये, आणि मला तेव्हा हायसं वाटलं. मग त्या केअररच्या अ‍ॅन्युअल रिव्ह्यूमध्ये एक ओळ आली, की प्रोफेशनल्सबरोबर काम करायला त्यांना जड जातं. सहा महिन्यांत त्यांनी फॉस्टरिंग सोडलं. मुलगी चौथ्या घरी गेली, बुकाशिवाय. ती मुलगी अजून आठवते मला.

तेव्हा सुपरवायझिंग सोशल वर्करशी (मुलाचा नाही, केअररचं काम बघणारा) आधी बोल आणि अशी ओळ कुठेही येऊ देऊ नकोस. केअररच्या पोटात एकच भीती असते, तोंड उघडलं म्हणून मुलाला हलवतील. त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग की या कंप्लेंटमुळे तसं काहीही होणार नाही.

माफीचं. आपल्याकडे माफी मागितली की गुन्हा कबूल असंच धरतात, तू देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सोशल वर्क शिकलीस तरी घरातलं वळण तेच. इथे 2006 चा कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट सरळ म्हणतो की नुसती माफी म्हणजे हलगर्जीपणाची कबुली नाही. तेव्हा मोकळेपणाने माग, पण कशाची ते सांगून, शनिवारच्या उशिरा आलेल्या मेसेजची, सहलीची. ‘तुम्हाला तसं वाटलं असेल तर’ हे वाक्य काढून टाक, त्याने माणूस जास्त दुखावतो.

तुझ्या त्या सोशल वर्करचंपण ऐक हं, ईमेलवर नाही, समोर बसवून, केस नोट्सच्या तारखा पुढे ठेवून. शनिवारी आईच आली नसेल, आणि का ते केअररला सांगता येत नाही, तिचं खासगी आहे ते. जे मुद्दे त्याच्यावर येत नाहीत ते पत्रात तसे लिही, जे येतात तेही लिही. आणि तो तुझा मित्र आहे ना, हे सर्व्हिस मॅनेजरला आजच सांग, उत्तर दुसऱ्या कोणी द्यायचं ठरलं तर देऊ दे.

ते तुझ्याकडेच राहिलं तर गुरुवारी दुपारी दोनला जा. आधी बाईंचं सगळं ऐकून घे, लॅपटॉप बॅगेतच राहू दे, आणि शाळा सुटून पोरगं घरी येईपर्यंत थांब. आईची पुढची भेट पक्की झाली असेल तर तारीख त्याला तूच सांग, झाली नसेल तर कधी कळवशील ते सांग आणि त्या दिवशी फोन कर.

तुझी मावशी