वाचकांचे प्रश्न : संचालकपदाकडे जाणारी वाट

प्रश्न : महाराजा सयाजीराव विद्यापीठातून संग्रहालयशास्त्रात एम.ए. केल्यानंतर मी वडोदऱ्यातील एका खासगी संग्रहालयात शाळांच्या भेटी आणि सुट्टीतील कार्यशाळा सांभाळते. पुढेमागे संचालक व्हावे अशी इच्छा आहे. परंतु ‘मुलांना फिरवणारे त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाहीत,’ असे वरिष्ठ सांगतात. मी विभाग बदलावा काय? — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : विभाग बदलण्याची घाई करू नका, मात्र वरिष्ठांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्याजोगे नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात संशोधन, संकलन आणि जतन यांच्या बरोबरीने सर्वांसाठी खुले असणे आणि समाजाचा सहभाग यांनाही स्थान आहे, तेव्हा तुमचे काम दुय्यम ठरवण्याचे दिवस गेले. वडोदऱ्याला तर यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी संग्रहालय उभारले तेच मुळी कमाटीबागेत, म्हणजे लोक पोराबाळांसह फिरायला येतात तिथे.

तरीही संग्रहाशी नाते तुटू देऊ नये. याच संग्रहालयातील अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींचे उदाहरण घ्या. हा ठेवा १९५१ च्या सुमारास उजेडात आला आणि अकोटा आज शहराचाच भाग आहे. त्यातील जीवंतस्वामींच्या मूर्तीसमोर एखादा शाळकरी मुलगा हमखास विचारील, की तीर्थंकरांच्या मस्तकावर मुकुट कसा? ‘जीवंतस्वामी, कांस्य, सहावे शतक’ एवढ्या पाटीने त्याचे समाधान होणार नाही. दीक्षेपूर्वीच्या राजकुमार महावीरांचे हे रूप असल्याने अंगावर अलंकार आहेत, हे एक वाक्य पाटीवर आले की मूर्ती त्याच्याशी बोलू लागते. तो प्रश्न तुमच्यासारख्यांच्याच कानावर पडतो; त्याचे उत्तर खात्रीने लिहायचे तर मूर्तिशास्त्र वाचावे लागते आणि नोंदवहीही उघडावी लागते. म्हणून आठवड्यातील काही तास नोंदणी विभागात बसण्याची परवानगी मागून घ्या. वस्तू कोठून आली, कोणाकडून आली, तिची स्थिती काय, हे स्वतः लिहून पाहा. (हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही.)

खरी कसोटी मात्र पैशापाशी लागते. दमट हवेत जुन्या कांस्यावर क्लोराइडमुळे फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. अशा वेळी हाती असलेली रक्कम दालनातील आर्द्रता आटोक्यात ठेवण्यासाठी खर्चावी की मुलांच्या नव्या दालनासाठी, हे संचालकालाच ठरवावे लागते आणि तो निर्णय विश्वस्तांना पटवूनही द्यावा लागतो. माझ्या मते अशा पेचात आधी मूर्ती. तुमच्या कार्यशाळांचे अंदाजपत्रक तुम्हीच मांडत नसाल, तर येत्या सुट्टीपासून ते आपल्याकडे घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळा आणि गावांपर्यंत जाते. असा उपक्रम देणगीदारांपुढे कसा मांडायचा आणि वर्षानुवर्षे कसा टिकवायचा, याचा अभ्यास तुम्हाला थेट उपयोगी पडेल.

पीएच.डी.विषयी थोडक्यात सांगायचे तर, सरकारी पदांसाठी जाहिरातीतील अर्हता शब्दशः पाहिली जाते, विश्वस्त संस्थांत अनुभवाला अधिक वजन असते. करणारच असाल, तर विषय आपल्याच संस्थेच्या संग्रहातून निवडा. नोकरी सोडावी लागणार नाही.