जळगावात राहून वेब डेव्हलपमेंटचा धंदा करावा की एसईओचा?

भाऊ, दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. तुम्ही म्हणताय कोर्स झालाय, दोन्ही थोडंथोडं जमतं आणि एकच धरायचंय. मी आठ वर्षांपूर्वी गोलाणी मार्केटमधे अर्ध्या गाळ्यात सुरू केलं होतं, आता घरूनच करतो. माझं म्हणणं असं की पाटी वेबसाइटची लावा, पण घरखर्च एसईओच्या, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणायच्या, महिन्याच्या कामावर निघाला पाहिजे.

वेबसाइट विकायला सोपी कारण ती दिसते, गिऱ्हाईक बायकोला मोबाइलवर दाखवतो, खुश होतो. अडकतं ते शेवटच्या हप्त्याला. अर्धे अ‍ॅडव्हान्स घेतले, साइट नव्वद टक्के तयार, आणि फोटो नाहीत, आमच्याविषयीचा मजकूर नाही, विचारलं की "पाठवतो ना भाऊ", मग केळीची कटाई सुरू झाली की दोन महिने फोनच उचलत नाही. त्यात कोणाचा तरी भाचा पाच हजारात करून देणारा असतोच. मी आता कोटेशनमधेच लिहितो की 15 दिवसात माहिती नाही आली तर साइट पूर्ण समजून बिल द्यायचं. वाईट वाटतं लिहायला पण लिहा. आणि डोमेन गिऱ्हाईकाच्याच नावावर घ्या, ते स्वतःकडे दाबून ठेवणाऱ्यांनी या धंद्याचं नाव खराब केलंय.

एसईओचं उलटं आहे, पैसे दर महिन्याला येतात पण हातात दाखवायला काही नसतं. गूगलवालेच सांगतात की फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, गिऱ्हाईक दुसऱ्याच महिन्यात विचारतो की वर का नाही आलं. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊच शकत नाही, हेही गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय, तरी आपल्याकडे गॅरंटीवाले फिरताना दिसतील, आणि दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घेऊन वर चढवलेल्या साइटी गूगलच्या 2012 च्या पेंग्विन अपडेटमधे (असल्या लिंकांविरुद्ध केलेला बदल) कशा आपटल्या ते त्यांना माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं.

आता माझी चूक सांगतो. एमआयडीसीतल्या एका चटईवाल्याची साइट मी नव्याने वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, केली. काम चालू असताना साइट गूगलमधे जाऊ नये म्हणून सेटिंगमधे एक टिक करतात, ती लाइव्ह करताना काढायची असते, मी विसरलो. वरून जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि 301 रीडायरेक्टही (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारे) लावले नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन, "मन्हं दुकान काब दिखस नही?" पेजचा सोर्स उघडला तर वरच नोइंडेक्स, म्हणजे हे पान गूगलमधे घेऊ नका, असं लिहिलेलं, घामच फुटला. टिक काढली, रीडायरेक्ट लावले, गूगलच्या सर्च कन्सोलमधे साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, परत टाकला, जुनी जागा यायला अडीच महिने गेले. त्यांची चौकशी बाहेरच्या राज्यातून यायची, एक ऑर्डर म्हणजे ट्रकभर माल, म्हणजे नुकसान किती ते समजून घ्या. तीन महिने पैसे घेतले नाहीत. पण साइट एकाची आणि एसईओ दुसऱ्याचं असतं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसले असते आणि ती टिक तशीच राहिली असती.

म्हणून म्हणतो, साइट बनवताना त्याच कागदावर देखभाल आणि एसईओचं महिन्याचं काम ठरवून टाका. मी लहान गिऱ्हाईकाकडून महिन्याला 6 हजार घेतो, असे पाच झाले की 30 हजार ठरलेले, मग नवी साइट आली तर बोनस.

सगळ्यांना एसईओ विकू नका मात्र. सराफ बाजारातल्या दुकानात लोक पिढ्यान्‌पिढ्या येतात, त्यांना गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलवर दुकानाची माहिती दिसते ते पान) वेळ, फोटो नि रिव्ह्यू नीट करून दिले की बस. चटई, पाइप, दाळमिल अशा बाहेर माल पाठवणाऱ्यांना खरी गरज आहे. आणि रिपोर्टमधे रँक दाखवू नका, रँक त्यांच्या फोनवर वेगळी नि सुरतेच्या व्यापाऱ्याच्या फोनवर वेगळी दिसते आणि मग वाद होतो, किती फोन आले, किती चौकशी आली ते दाखवा.

पहिलं गिऱ्हाईक शोधायला आज रात्री मोबाइलवर गूगलमधे भुसावळ, पाचोरा, अमळनेर असं टाकून पुढे डेंटिस्ट लिहा. कोणाचा नंबर बंद, कोणाचा पत्ता जुना, कोणी रविवारी उघडं दाखवतो नि बंद असतो. स्क्रीनशॉट काढा आणि उद्या सकाळी थेट दवाखान्यात जा, ओपीडी सुरू व्हायच्या आधी.