वाचकांचे प्रश्न : कॉलेजात कोणत्या दाराने शिरायचं?

पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात येतात. घरात पैसा नसतो आणि विचार करायला वेळही नसतो. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी खासगी कॉलेजच्या फीबद्दलची आहेत. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मुलाला सीईटीत ६२ पर्सेंटाइल आहेत. तालुक्यातला एक 'अ‍ॅडमिशन गायडन्स'वाला म्हणतो, कॅप राऊंडच्या भानगडीत पडू नका, नागपूरला कॉम्प्युटरची सीट थेट मिळवून देतो. ४० हजार आगाऊ द्या, पुढे ईबीसीतून निम्मी फी माफ होतेच. द्यावे काय?
– एक शेतकरी, आर्णी तालुका

देऊ नका. त्याची दोन्ही आश्वासनं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

ज्याला सगळे अजून ईबीसी म्हणतात, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर मुलाचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. संस्थास्तरावरच्या, बोलीभाषेतल्या 'मॅनेजमेंट'च्या जागेला ती मिळत नाही. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. हे पालकांना कळतं ते दिवाळीनंतर, महाडीबीटीवरचा (सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवरचा) अर्ज बाद झाल्यावर. तोवर गायडन्सवाल्याचं दुकान बंद झालेलं असतं.

आता ते ४० हजार. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय, अभ्यासक्रमनिहाय आकडा असतो. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा, उलट नाही. मंजूर आकड्याच्या वर प्रवेशासाठी घेतलेली रक्कम, नाव काहीही असो, १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. एजंट ती स्वतःच्या मोबाइल नंबरवर मागतो ते उगाच नाही. मागणीचा मेसेज आला असेल तर पुसून टाकू नका.

कॅपची भानगड वाटते तेवढी नाही. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी (घरबसल्या किंवा सुविधा केंद्रात), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग पर्यायांचा अर्ज. मुलं फसतात ती या शेवटच्या पायरीवर. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीत दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांनाही हेच लागू झालं. एजंटला लॉगिन दिलं की तो ज्या कॉलेजकडून पैसे घेतो ते पहिल्या क्रमांकावर टाकतो, आणि खेळ तिथेच संपतो. म्हणून पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, आणि नोंदणीचा मोबाइल नंबर सेतूवाल्याचा नको, घरातलाच हवा.

पर्यायांचा क्रम आवडीचा ठेवा, 'काय मिळेल' याचा नको. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. प्रत्येक आवडीच्या कॉलेजच्या आधी त्याच शाखेचा शेवटी 'टी' असलेला कोडही टाका. ती शिक्षण शुल्क माफीची जागा असते. मंजूर जागांच्या वर ५ टक्के अशा जागा असतात, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मेरिट वर जातं, पण पर्याय टाकायला काही लागत नाही. ६२ पर्सेंटाइलला विदर्भात कॅपमधून अभियांत्रिकी मिळू शकतं. शाखा किंवा गाव यांपैकी एकाचा हट्ट सोडावा लागेल, एवढंच.

मी ओबीसी, कॅपमधूनच प्रवेश झाला. मुलींना फी माफ असताना कॉलेज ३४ हजार मागतं आहे.
– विद्यार्थिनी, चिखली तालुका

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. विकास शुल्क, बस, वसतिगृह, मेस, गणवेश त्यात नाही. म्हणून कॉलेजकडे ३४ हजारांची फोड लेखी मागा. त्यात 'ट्यूशन फी' असा शब्द असेल तर ती ओळ भरायची नाही. 'विकास शुल्क' असेल तर प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्याइतकंच द्यायचं. 'सॉफ्ट स्किल', 'इंडस्ट्री सर्टिफिकेशन', 'लॅपटॉप' या नावाच्या ओळी असतील तर त्या सक्तीच्या आहेत असं लिहून मागा. लिहून देण्याची वेळ आली की निम्म्या ओळी गळतात.

दुसरी बाजूही सांभाळा. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. तो अडकतो तो ठरावीक ठिकाणी: नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली, उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, आणि खातं आधारशी जोडलेलं नसणं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं असं नाही. सरकारी पैसे कोणत्या खात्यात पडणार हे आधार सीडिंगवर, म्हणजे आधार क्रमांक कोणत्या खात्याला जोडला आहे यावर ठरतं. शाखेत 'डीबीटीसाठी सीडिंग झालं का' असं स्पष्ट विचारा. अनेकींचे पैसे आठवीत काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याकडे वळतात.

जाता जाता, मोठ्या शहरात खोली घेऊन राहणार असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज त्याच पोर्टलवर आहे. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी तो आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या भाऊसाहेबांचं, म्हणजे पंजाबरावांचं, नाव असलेली योजना, आणि पापळच्याच पट्ट्यातल्या पोरांना ती ठाऊक नसते.

खासगी कॉलेजात संस्थास्तरावर प्रवेश घेतला, नंतर दुसरीकडे चांगली जागा लागली. आता कॉलेज म्हणतं, चारही वर्षांची फी भरा, तेव्हाच टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका मिळेल.
– विद्यार्थी, वरोरा

चार वर्षांची फी मागण्याला कोणताच आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार ज्या सत्राचं किंवा वर्षाचं शिक्षण घ्यायचं तेवढ्याचीच फी आगाऊ घेता येते. मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत करायची असतात, ठेवून घेता येत नाहीत.

परताव्याचं कोष्टकही त्याच अधिसूचनेत आहे. प्रवेशाची जाहीर शेवटची तारीख येण्याच्या १५ दिवस किंवा त्याआधी सोडलं तर १०० टक्के, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९०, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, पुढे शून्य. अर्जानंतर १५ दिवसांत पैसे परत करायचे. अभियांत्रिकी, फार्मसीसारख्या सीईटी कक्षाच्या अभ्यासक्रमांत याहून सोपं आहे: अंतिम तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी सगळं परत. त्या तारखेनंतर मात्र फक्त अनामत मिळते.

म्हणून तोंडी रद्द करू नका. आधी लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करा, त्याची प्रत काढा, अर्ज जोडून कॉलेजच्या आवक-जावक खिडकीत द्या आणि झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही घ्या. खिडकी पोच देत नसेल तर स्पीड पोस्ट, आणि तोच अर्ज प्राचार्यांच्या ईमेलवर. पंधरा दिवस गेले की कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ती प्रत्येक ठिकाणी असणं बंधनकारक आहे आणि तिला १५ कामाचे दिवस असतात. तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. सोबत तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात एक प्रत द्या. चंद्रपूरकरांना ते नागपूरला, वऱ्हाडवाल्यांना अमरावतीला. ग्राहक आयोगावर भिस्त ठेवू नका. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असा निर्णय राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये दिला आहे.

गावापासून १२ किलोमीटरवर नवं डी. फार्म कॉलेज निघालं. 'हजेरीची सक्ती नाही' म्हणतात. मेडिकल टाकायचं आहे, चालेल का?
– एक पालक, रिसोड तालुका

फार्मसीची कॉलेजं एवढी का उगवली याला कारण आहे. फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. उच्च न्यायालयांनी ती रद्द केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रद्दच ठेवली. बांध फुटल्यासारखे अर्ज गेले. डी. फार्मला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश, दोनच वर्षं. संस्थाचालकाला यापेक्षा सोपा धंदा नाही.

आधी परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव शोधा आणि शेरा नीट वाचा. अभ्यासक्रम चालवायची परवानगी वेगळी आणि फार्मसी कायद्याच्या कलम १२ खालची मान्यता वेगळी. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते ती दुसरीच्या जोरावर. पहिल्या बॅचची मुलं कधीकधी याच फरकात लटकतात.

'हजेरीची सक्ती नाही' हे तर आमिषच आहे. नियमात थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींना स्वतंत्र ७५ टक्के हजेरी आहे. अभ्यासक्रमानंतर किमान तीन महिने आणि ५०० तासांचं प्रशिक्षण आहे. २०२२ मध्ये नोंदणीआधीच्या एक्झिट परीक्षेचे विनियम आले: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाला ही परीक्षा झेपणार नाही.

कॉलेज पाहायला जून-जुलैत जाऊ नका, तेव्हा सगळं पुसलेलं असतं. शेजारच्या कोणा मुलाबरोबर नोव्हेंबरातल्या मंगळवारी-बुधवारी जा. टॅब्लेट पंचिंग मशीन सुरू करून दाखवा म्हणा. वायर भिंतीपर्यंत पोचत नसेल तर कळलं. ब्युरेटच्या तोट्या चिकटून बसल्यात का बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाचं जर्नल मागा. सगळ्या प्रयोगांखाली एकाच शाईत, एकाच दिवशी सह्या असतील तर प्रयोग झालेले नाहीत.

या संस्था तर धर्मादाय ट्रस्ट असतात. मग त्यांना फायदा कसा काढता येतो?
– निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर

काढायचा नाही, असाच कायदा आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. नागपूर-अमरावतीकडे त्यांचं पेव फुटलं. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी सांगितलं की संस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी आणि कॅपिटेशन नाही.

नफा म्हणून पैसा बाहेर काढता येत नाही, तेव्हा तो खर्च म्हणून काढायची सोय असते. जागा किंवा इमारत घरातल्या माणसाच्या नावावर आणि ट्रस्ट त्याला भाडं देतो. बसगाड्या भाच्याच्या, मेस मेव्हण्याची, गणवेश ठरलेल्याच दुकानातून. आणि प्राध्यापक कागदावर. अभियांत्रिकीत २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, म्हणजे ६० जागांच्या एका शाखेला चार वर्षांचे मिळून १२. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या सक्तीच्या माहितीपत्रकात बारा नावं असतात, वेळापत्रकात पाचच दिसतात. फी ठरवताना मात्र हिशेब बारा पगारांचा जोडलेला असतो. ही तफावत प्राधिकरणाकडे लेखी कळवता येते, त्याला वकील लागत नाही.

चार वर्षांचं चार लाख कर्ज काढावं का? घरी पाच एकर कोरडवाहू आहे.
– एक आई, दिग्रस तालुका

हिशेब मांडून बघा. दरवर्षी १ लाख उचललं आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं सवलतीचं (हप्ते सुरू होण्याआधीचं) एक वर्ष संपेपर्यंत साध्या व्याजाचे १ लाख ४० हजार होतात. ५ लाख ४० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ७१३६ रुपये. वर्षाचे ८५ हजारांवर. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० आहे, म्हणजे दहा वर्षं दरवर्षी साडेदहा क्विंटल कापूस. कोरडवाहू पऱ्हाटी एकरी पाच-सहा क्विंटल देते असं धरलं तर दोन एकरांचं सगळं पीक, खर्च न काढता.

हेच व्याज दर महिन्याला भरत गेलात तर पहिल्या वर्षी ८३३ आणि चौथ्या वर्षी ३३३३ रुपये लागतात. सवलतीच्या वर्षातही भरलंत तर पुढचा हप्ता ५२८६ वर येतो. काही बँका अशा वेळी व्याजात एक टक्का सूटही देतात. अर्जाआधी विचारून घ्या.

साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असं बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही नाही. शाखेत सात-बारा मागितला तर हे वाक्य दाखवा. कॉलेज केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या संस्थांच्या यादीत असेल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तालुक्याच्या गावातलं कॉलेज त्या यादीत सहसा नसतं, म्हणून यादी आधी आणि कॉलेज नंतर. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर अर्ज शाखेतच अडतो. अशा वेळी तुम्ही स्वतः सहकर्जदार होऊ शकता. त्यासाठी तुमच्या नावाचं खातं आणि पॅन कार्ड जूनच्या आत तयार ठेवा.