मक्याच्या पोंग्यातील लष्करी अळी दोन फवारण्यांनंतरही का जात नाही?

आपला मका सव्वा महिन्याचा असून, एकाच कीटकनाशकाच्या दोन फवारण्या करूनही पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळी आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्याही शेतात पहिल्या वर्षी हेच घडले होते. त्या अनुभवावरून मला वाटते की, दोष बहुधा औषधापेक्षा फवारणीच्या वेळेचा आणि पद्धतीचा असावा.

प्रथम अळीची खात्री करून घ्यावी. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार ठळक काळे ठिपके असतील, तर ती अमेरिकन लष्करी अळी होय. भारतात ती 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो, त्यामुळे शेजारच्या शेतात कीड नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

मादी पानांवर शंभर-दोनशे अंड्यांचे पुंजके घालते आणि ते लवेने झाकते. दोन-तीन दिवसांत बाहेर पडणाऱ्या बारीक अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडतात, तेव्हा पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसतात. फवारणीचा खरा काळ हाच असतो. अळी मोठी झाली की ती पोंग्यात खोल शिरते आणि वर लाकडाच्या भुशासारख्या विष्ठेचा बोळा तयार होतो. मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मी त्या वर्षी पाने फाटलेली दिसल्यावर पंप उचलला होता, म्हणजे मला किमान आठवडाभर उशीर झाला होता.

म्हणून उगवणीपासूनच एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि पतंग रोज मोजावेत. सापळ्यात पतंग येऊ लागणे ही पूर्वसूचना असते. फवारणीचा निर्णय मात्र झाडे पाहूनच घ्यावा. आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी चालत, पाच ठिकाणी प्रत्येकी वीस झाडांचे पोंगे उघडून पाहावेत. सुरुवातीच्या अवस्थेत शंभरांपैकी पाच झाडे प्रादुर्भावग्रस्त आढळल्यास 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, आणि पोंग्याच्या पुढील अवस्थेत हे प्रमाण 10 ते 20 टक्क्यांवर गेल्यासच रासायनिक औषधाकडे वळावे. या फेरीत दिसलेले अंडीपुंज तिथेच चिरडावेत. आमच्या घरी हे काम आई करते, आणि तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे.

आपल्या आजच्या स्थितीत प्रथम अशी मोजणी करावी. प्रमाण मर्यादेपलीकडे असेल, तर आधीचा घटक तिसऱ्यांदा न वापरता वेगळा निवडावा: इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) 0.4 ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 टक्के एससी (दाट द्रवरूप औषध) 0.4 मिलि, प्रति लिटर पाण्यात. अळी संध्याकाळनंतर अधिक सक्रिय असते, त्यामुळे फवारणी संध्याकाळी करावी आणि नोझलचे तोंड पोंग्यावर धरून औषध आत उतरेल असे पाहावे. ज्या झाडांत मोठी अळी खोल बसली आहे, तिथे विषारी आमिष, म्हणजे कीटकनाशक मिसळलेले अळीचे खाद्य, अधिक उपयोगी पडते, पण त्यातील थायोडिकार्ब हे कीटकनाशक अत्यंत विषारी असल्याने ते कृषी सहायकाच्या देखरेखीखालीच, हातमोजे घालून आणि जनावरांना दूर ठेवून टाकावे.

पावसाळी दमट हवेत पोंग्यात पांढऱ्या किंवा हिरवट बुरशीने झाकलेल्या, ताठरलेल्या मृत अळ्या बऱ्याच संख्येने दिसल्या, तर फवारणी चार दिवस लांबवावी, कारण ती बुरशी आपलेच काम करत असते.

तुरा बाहेर पडून कणसाला केसर आल्यानंतर रासायनिक फवारणी टाळावी. हा मका चाऱ्यासाठी किंवा मुरघासासाठी असेल, तर औषधाच्या वेष्टनावरील प्रतीक्षा कालावधी (फवारणीनंतर थांबायचे दिवस) पूर्ण होण्यापूर्वी तो जनावरांना मुळीच घालू नये.