‘हो’ म्हणणारेच फुटले तेव्हा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ब्रिटनच्या राजाच्या जागी निवडलेला राष्ट्रप्रमुख हवा म्हणून तू इथे ऑस्ट्रेलियात प्रचाराला लागलीस हे कळलं, बरं वाटलं. मी 1991 साली नागरिक झालो तेव्हा राणी एलिझाबेथशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली होती. जिच्या वडिलांच्या साम्राज्यातून आपण 1947 मध्ये सुटलो, तिचंच नाव घेताना जीभ जरा अडखळली. 1994 पासून ती शपथ देशाशी आणि जनतेशी असते, म्हणून तुझ्या पिढीला ही बोच नाही.

आता कामाचं. 6 नोव्हेंबर 1999 ला प्रजासत्ताक व्हायचं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हा ‘हो’च्या बाजूने मी मतदान केंद्राबाहेर पत्रकं वाटत दिवसभर उभा होतो. निकाल लागला: ‘हो’ 45 टक्के, ‘नाही’ 55. राज्यघटना बदलायला देशभराचं बहुमत आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत लागतं. आम्हाला एकही राज्य मिळालं नाही. व्हिक्टोरियात 49.84 टक्क्यांवर अडकलो, ते अजून सलतं.

राणीच्या भक्तांनी आम्हाला हरवलं असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. आमचेच लोक फुटले. मसुद्यात राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन-तृतीयांश मतांनी नेमायचा होता. ‘मग आम्हाला कशाला विचारता?’ म्हणत थेट निवडणूकवाले राजेशाहीवाल्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि ‘पुढाऱ्यांचं प्रजासत्ताक नको’ ही घोषणा घरोघर पोचली. गंमत बघ, आजचा गव्हर्नर-जनरल, म्हणजे इथला राजाचा प्रतिनिधी, एकटा पंतप्रधान सुचवतो आणि राजा सही करतो. त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही.

मला स्वतःला संसदेची पद्धत पटते. भारतात राष्ट्रपती आमदार-खासदारच निवडतात, त्याने काही बिघडलेलं नाही. पण लोकांच्या दारात माझी आवड चालली नाही. प्रजासत्ताकाच्या चळवळीने 2022 मध्ये मधला मार्ग काढला: राज्यं, प्रदेश आणि संसदेने नावं पुढे करायची, मत जनतेने द्यायचं. तुला तो आवडो न आवडो, जो एक ठरेल त्याच्यामागे उभी राहा. पद्धतीवरचं भांडण सार्वमताआधी बंद खोलीत संपवा.

1975 चा दाखला मात्र जपून दे. सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, पैशाची विधेयकं अडवून धरली आणि गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी 11 नोव्हेंबरला पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं. तरुण कार्यकर्ते उत्साहात ‘राणीने सरकार पाडलं’ म्हणतात. 2020 मध्ये खुल्या झालेल्या पत्रांत कर स्वतः लिहितात की, राजवाड्याला आधी न कळवता त्यांनी हे केलं. आणि करांचं नाव व्हिटलम यांनीच सुचवलं होतं! एखाद्या म्हाताऱ्याने एवढं सुनावलं की तुझं पुढचं बोलणं वाया. प्रश्न असा मांड: इतकी ताकद असलेला माणूस कोणाला उत्तरदायी असावा?

‘मग राष्ट्रकुलातून बाहेर पडायचं का?’ असं दर चौथ्या दारात विचारतील. तिथे आपण मराठी माणसं उपयोगाची. 1949 च्या लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता आलं. हे शांतपणे सांग, इतिहासाचा तास घेऊ नकोस.

इथे मतदान सक्तीचं आहे हेही विसरू नकोस. ज्याला विषय कळला नाही तोही केंद्रावर येतो आणि बिचकून ‘नाही’ लिहून जातो. 1901 पासून 45 प्रस्तावांपैकी 8 मंजूर झाले, शेवटचे 1977 मध्ये. 2023 चा ‘व्हॉइस’चा, म्हणजे मूलनिवासींना संसदेपुढे मत मांडायला मंडळ देण्याचा, प्रस्ताव कसा पडला ते तर तू पाहिलंस. म्हणून चार्ल्स राजाची टिंगल करणारे टी-शर्ट घरी ठेव; बिचकलेल्या माणसाला विनोद नको असतो. आणि मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावायचा बेत सोड. तू टिळकांचं नाव घेशील ते ठाऊक आहे, पण तिथे राजघराण्यावर माया असणारेही मोदक खायला येतात.

शनिवारी घरी ये. आमची 1999 ची उरलेली पत्रकं गॅरेजमध्ये पडून आहेत. त्यातली वाक्यं किती लांबलचक होती ते बघ, मग तुझं पत्रक लिहायला बस.

तुझा,
काका