समुद्राजवळच्या जुन्या बुलेटच्या ॲल्युमिनियम कव्हरवर पांढरी बुकटी येते, घासली तरी परत येते. काय करावं?

तुमचा प्रश्न असा: गाडी रत्नागिरीत समुद्राजवळ असते, कास्ट आयर्न सिलिंडरची जुनी बुलेट आहे, दोन्ही बाजूंची कव्हरं स्टीलच्या घासणीने घासून चकचकीत केली तरी पंधरा दिवसांत पांढरी बुकटी परत येते.

आधी ती घासणी बंद करा. तिचे लोखंडी कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात. त्यावर खारी ओल आली की प्रत्येक कणाभोवती छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. लोखंडी तारेचा ब्रशही त्याच कारणाने नको.

दुसरं, ऑक्साइडला शत्रू समजू नका. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो. तो काही नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो आणि धातूला तोच सांभाळतो. तुम्हाला दिसते ती बुकटी म्हणजे हायड्रॉक्साइड. मिठातला क्लोराइड त्या थराला भोकं पाडतो, खालचा धातू पाण्याबरोबर फुगून पांढरा होऊन वर येतो. बुकटी पुसून भिंगातून बघा, खाली टाचणीच्या टोकाएवढे काळपट खड्डे दिसतील. त्या खड्ड्यात मीठ उरलेलं असतं, म्हणून वरून कितीही चकाकी आणली तरी आतलं काम चालूच राहतं. त्यातून हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपणहून पाणी ओढून विरघळतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते, त्यामुळे शेडमध्ये उभी गाडीही ओलीच समजा.

आता काम. इंजिन पूर्ण गार हवं. कार्बोरेटरचं तोंड, सायलेन्सर आणि ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) पिशवीने बांधून घ्या. रॉकेल किंवा डिझेल आणि नायलॉनच्या ब्रशने तेलकट चिखल काढा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. तेल राहिलं तर पुढचं काही नीट लागत नाही.

बुकटीसाठी 1 लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. फडकं भिजवून कव्हरवर 5 ते 10 मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. गरज वाटली तर दुसऱ्यांदा करा, पण ते फडकं तासभर ठेवून देऊ नका. लिंबू आणि मीठ एकत्र चोळायची पितळेची पद्धत इथे अजिबात नको, मीठ काढण्यासाठीच तर हा खटाटोप.

कॉस्टिक सोडा, मोरी साफ करायची पावडर, ओव्हन क्लीनर यांच्यापासून लांब राहा. अल्कलीने ऑक्साइड आणि धातू दोन्ही विरघळतात, हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रधातूतलं सिलिकॉन आणि तांबं वर उरून भाग काळा पडतो. वॉशिंग सेंटरवरचं ‘ॲसिड’ मारल्यावर कव्हर लगेच पांढरंशुभ्र दिसतं, पण पृष्ठभाग खरवडला जाऊन ते लवकरच मंद राखाडी होतं. त्यात हायड्रोफ्लोरिक असेल तर ते कातडीतून हाडापर्यंत जातं, त्यामुळे त्या बाटलीला हात लावूच नका.

काही कव्हरांवर पारदर्शक लॅकर असतो. त्याखाली अळी सरकल्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसत असतील तर वरून घासून उपयोग नाही. कॉस्टिक नसलेल्या पेंट रिमूव्हरने आधी लॅकर उतरवा.

खड्डे उथळ असतील तर वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाणी लावून चालवा: 400, 600, 800, 1000, शेवटी 1500. प्रत्येक नंबरला हाताची दिशा आडवी-उभी बदला आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंटाळा येतो तो 600 वर, आणि तिथे घाई केली की शेवटी चकाकीखालून ओरखडे डोकावतात. खोल खड्डे मी तरी तसेच ठेवतो. ते काढायच्या नादात कव्हर पातळ होतं. मग ॲल्युमिनियमसाठीचं मेटल पॉलिश लावून सुती फडक्याने घासा.

उजवं टायमिंग कव्हर बफिंगला (मशीनवर पॉलिश करायला) द्यायचं असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या आतून तेलाचे मार्ग जातात. सँडब्लास्टिंग नकोच. वाळूचा एक कण बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकापर्यंत गेला तर तिथलं बेअरिंग संपलं. बफिंगनंतरही भोकांत अडकलेली पेस्ट रॉकेल, गरम साबणपाणी आणि हवेच्या झोताने काढावी लागते. गॅस्केट बदलायचा नसेल तर ते कव्हर जागेवरच हाताने पॉलिश करा. गॅस्केटचे अवशेष हिरव्या घासणीने काढू नका, तिचे खरखरीत कण तेलात जातात. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या.

अडकलेला स्क्रू असेल तर हीट गनने आजूबाजूचं कव्हर तापवा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. नवे स्टेनलेसचे ॲलन बोल्ट लावताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावाच. खारी ओल मिळाली की स्टेनलेसही शेजारचं ॲल्युमिनियम खातं.

घासून झालं की त्याच दिवशी कव्हर बंद करा, म्हणजे वॅक्स लावा. पाण्याने धुतल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून फटींतली ओल घालवा, गार होऊ द्या, मग कार्नोबा वॅक्सचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने दुसरा. कार्नोबा साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं. म्हणून बाजूच्या कव्हरवर ते टिकतं, हेडच्या पंखांवर टिकत नाही. पंखांना पॉलिश करूच नका, स्वच्छ ठेवा, तेवढं पुरे. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी वॅक्सचा हात हवा. स्क्रूची डोकी आणि सांध्यांवर वॅक्स पोचत नाही, तिथे गंजरोधक स्प्रे ब्रशवर घेऊन लावा, ब्रेकवर उडू देऊ नका. डब्ल्यूडी-40 ची फिल्म फार पातळ असते, तिच्या भरवशावर पावसाळा निघत नाही.

आरशासारख्या पॉलिशवर स्प्रेचा लॅकर मारायचा मोह होईल. गुळगुळीत धातूवर त्याला पकड मिळत नाही, एका दगडाच्या टवक्यातून पाणी आत गेलं की अळ्यांची गोष्ट पुन्हा सुरू. अ‍ॅनोडायझिंगही (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा जाड थर चढवणं) नको, जास्त सिलिकॉनच्या ओतीव भागांवर ते राखाडी आणि डागाळ येतं. चकाकीची हौस नसेल तर पावडर कोटिंग टिकाऊ, पण ते 180 ते 200 अंशांवर भाजतात, तेव्हा ऑइल सील, बुश सगळं आधी काढा. ओतकामातल्या बारीक पोकळ्यांतली हवा बाहेर येऊन फोड येऊ नयेत म्हणून कोटिंगवाल्याला भाग आधी रिकामा भाजून घ्यायला सांगा.

किनाऱ्यावरून आलात की इंजिन गार झाल्यावर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याचा पाइप मारा, प्रेशर वॉशर नको. बोअरचं पाणी खारट असेल तर नळाचं वापरा. गाडीवर प्लास्टिक ताडपत्री टाकू नका, ओल आत कोंडते. सुती चादर टाका. पेपर मारायचं मोठं काम ऑक्टोबरनंतर कोरड्या हवेत काढा. पाऊस तोंडावर आला असेल तर यंदा फक्त सायट्रिक, गोडं पाणी आणि वॅक्स एवढंच करा.