ऑकलंडमध्ये आयकिया येतंय, तोवर फर्निचर घ्यायचं थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबर 2025 अखेर पुण्याहून ऑकलंडला बिऱ्हाड हलतंय, भाड्याचं घर रिकामं मिळणार, सोबत चार वर्षांची मुलगी. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान तिथल्या सिल्व्हिया पार्क मॉलपाशी 4 डिसेंबर 2025 ला उघडतंय, तर महिनाभर कळ काढून सगळं तिथूनच घ्यावं का, आणि भारतातून काय आणावं?

शेल्फ, कपाट, मुलीचं टेबल यांसाठी थांबा. गादी-पलंगासाठी अजिबात थांबू नका. फ्रिज आणि वॉशिंग मशीन पहिल्या आठवड्यातच लागतील, कारण इथल्या भाड्याच्या घरात बहुतेक वेळा शेगडी-ओव्हन असतं, ही दोन यंत्रं नसतात.

इथे या दुकानाची वाट जानेवारी 2019 मध्ये घोषणा झाल्यापासून पाहिली जातेय. सर्वांत उतावीळ आहेत ती बाहेरून आलेली मंडळी. शेजारच्या ऑस्ट्रेलियात आयकिया 1975 पासून आहे, आणि इथल्यांना तो माल घ्यायचा तर तिथून आणून विकणाऱ्यांना वर भाडं मोजावं लागायचं. त्यामुळे सध्या ‘आयकिया येईपर्यंत काही घेऊ नका’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. देणाऱ्यांच्या घरी पलंग आधीच आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि नवी मुंबईत तुर्भ्याला असलेल्या आयकियाच्या दुकानातले भाव डोक्यात घेऊन येऊ नका. इथल्या पाटीवरच्या किमतीत 15 टक्के जीएसटी धरलेला असतो आणि माल समुद्र ओलांडून येतो.

गादीचं कारण मापात आहे. न्यूझीलंडची क्वीन गादी 153 बाय 203 सेंटिमीटर, सुपर किंग 183 बाय 203. आयकियाची मूळ युरोपीय मापं 140, 160, 180 बाय 200. पाटीवरचा ‘क्वीन’ हा शब्द पुरेसा नाही, खालचे दोन आकडे वाचा. 160 च्या चौकटीत इथली 153 ची गादी टाकली तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटरची फट राहते आणि लांबीला गादी तीन सेंटिमीटर जास्त होऊन पायथ्याशी फुगते. म्हणून पलंग, गादी आणि इलॅस्टिकची चादर तिन्ही एकाच पद्धतीच्या मापात घ्या. सोपं पडावं म्हणून इथलीच क्वीन घ्या. 27 ऑक्टोबरला लेबर डेची सुट्टी आहे, त्या वीकेंडला गादीवाल्यांचे सेल लागतात. भारतातली 60 बाय 78 इंची चादर लांबीला 198 सेंटिमीटर भरते. ती इलॅस्टिकची असेल तर इथल्या गादीचा एक कोपरा रोज सकाळी निसटलेला दिसेल. सोलापुरी चादरी मात्र बिनधास्त आणा, त्यांना कोपरेच नसतात.

मधला महिना काढायला ट्रेड मी ही खरेदी-विक्रीची वेबसाइट, फेसबुक मार्केटप्लेस आणि साल्वेशन आर्मी किंवा हॉस्पिस या धर्मादाय संस्थांची जुन्या सामानाची दुकानं बघा. जेवणाचं टेबल, खुर्च्या, सोफा जुना चालतो. कापडी सोफा घेताना शिवणींत ढेकूण बघा आणि उशा उलट्या करून वास घ्या. ऑकलंडच्या दमट हवेत बुरशीचा वास एकदा बसला की जात नाही. आयकियाचंच जुनं माल्म नावाचं ड्रॉवरचं कपाट स्वस्तात मिळालं तर एक अट: भिंतीला बांधायची पट्टी लावल्याशिवाय वापरायचं नाही. ही कपाटं अंगावर पडून अमेरिकेत लहान मुलं गेली, तेव्हा 2016 मध्ये तिथे कंपनीने माल्मसह कोट्यवधी कपाटं परत मागवली होती. चार वर्षांचं मूल खालचे ड्रॉवर ओढून त्यांची पायरी करतं आणि वजन पुढे येतं.

आता ज्यासाठी थांबायचं ते. सगळ्यांच्या यादीत पहिलं असतं आयकियाचं पॅक्स हे मोठं कपाट. ते घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, इथल्या बेडरूममध्ये बऱ्याचदा भिंतीतलं कपाट असतंच, मग आत फक्त कप्पे आणि टोपल्या घालून भागतं. दुसरी, छताची उंची. नव्या घरांत आणि बऱ्याच जुन्या घरांत ती 2.4 मीटर असते. पॅक्सची उंच चौकट 236 सेंटिमीटर, पुढून मागे खोली 58. आडवी जोडून उभी करायला गेलात तर तिचा कर्ण 243 सेंटिमीटर होतो, म्हणजे छताला तीन सेंटिमीटर खरवडून ती तिथेच अडकते. 35 खोलीच्या चौकटीचा कर्ण साधारण 238.6, ती जेमतेम निघते, तेही छत कुठे खाली आलेलं नसेल तर. 2.4 च्या खोलीत 201 उंचीची चौकट घ्या. उंचच हवी असेल तर उभ्यानेच जोडता येते का, हे त्या मॉडेलच्या सूचनापत्रकात आधी पाहून घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या लाकडी घरात, म्हणजे इथल्या व्हिलात, राहणार असाल तर छत तीन मीटरच्या आसपास, मग चिंता नाही. तिथे जमीनच तिरकी असते, ते दुखणं वेगळं.

कालॅक्स हे चौकोनी खणांचं शेल्फ आपली मंडळी हमखास स्वयंपाकघरात नेतात. एका खणाची आतली बाजू 33 सेंटिमीटर आणि पेलायचं वजन 13 किलो. दहा किलो तांदळाचा स्टीलचा डबा आणि शेजारी डाळ ठेवली की मर्यादा ओलांडली. फळी लगेच मोडत नाही, हळूहळू पोटात वाकते. जड डबे सगळ्यांत खालच्या ओळीत ठेवा.

भिंतीबद्दल नीट वाचा, कारण पुण्यातल्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत. तिकडे हॅमर ड्रिलने विटेत भोक, प्लास्टिकची गिट्टी, स्क्रू, झालं. इथली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला साधारण 10 मिलिमीटरचा प्लास्टरबोर्ड, ज्याला सगळे ‘जिब’ म्हणतात. त्यात गिट्टी ठोकली तर पहिल्या ओढीला चुऱ्यासकट बाहेर येते. स्क्रू आतल्या उभ्या लाकडात, म्हणजे स्टडमध्ये, गेला पाहिजे. स्टड सहसा 400 किंवा 600 मिलिमीटर अंतरावर असतात. स्टड फाइंडर हे स्टड शोधायचं छोटं यंत्र घ्या, सापडल्यावर बारीक ड्रिलने खात्री करा, आणि साधारण 50 मिलिमीटरचा लाकडाचा स्क्रू वापरा. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते. कपाटासोबत भिंतीचा स्क्रू मिळत नाही, कारण भिंती देशोदेशी वेगळ्या. तो हार्डवेअरच्या दुकानातून वेगळा आणायचा.

‘भाड्याच्या घरात भोकं पाडू देतील का?’ देतील. फेब्रुवारी 2021 पासूनच्या भाडेकायद्यानुसार किरकोळ बदलाची लेखी परवानगी मागितली तर घरमालकाला ती नाकारता येत नाही आणि 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भूकंपासाठी फर्निचर भिंतीला बांधणं यात बसतं. घर सोडताना भोकं बुजवून भिंत पूर्ववत करायची जबाबदारी तुमची. अर्ज ईमेलने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका, म्हणजे दुकान उघडेपर्यंत उत्तर हातात असेल.

जोडणीत घोळ होतो तो तीन ठिकाणी. खोक्यातले बरेचसे चौफुलीचे स्क्रू पोझिड्राइव्ह जातीचे असतात. साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी गुळगुळीत होतात. पीझेड 2 लिहिलेला पेचकस घ्या. दुसरं, गोल कॅम लॉक, म्हणजे फिरवून पिन पकडणारी चकती, बसवताना त्यावरचा बाण ज्या कडेतून पिन येणार त्या कडेकडे हवा. घट्ट होईपर्यंत फिरवा, पुढे जोर केला तर भुशाच्या फळीतली खाच फुटते. पॉवर ड्रिल वापरायचंच असेल तर क्लच, म्हणजे जोर कमी-जास्त करायची कडी, सर्वांत खालच्या आकड्यावर. तिसरी पाठची पातळ फळी. ती ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे असले तरच खिळे मारा. कर्ण चुकले की दारं कायमची वेडीवाकडी लागतात, मग बिजागऱ्या कितीही फिरवा. आणि कपाट भिंतीला अगदी चिकटवू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीला. चारेक सेंटिमीटर हवा राहू द्या, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात पाठीला हिरवी-काळी बुरशी धरते. भिंतीला बांधताना या फटीत लाकडी ठोकळा घालून त्यावर पट्टी आवळा.

भारतातून मोठं लाकूडसामान आणण्यात अर्थ नाही. देव्हारा, चौरंग, पोळपाट आणायचे असतील तर स्वच्छ पुसून, सालीचा तुकडाही न ठेवता आणा आणि आगमनाच्या फॉर्मवर लाकूड म्हणून जाहीर करा. किड्याची भोकं दिसली तर धुरी द्यावी लागते आणि खर्च तुमच्यावर येतो. लपवून सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. केरसुणी पुण्यालाच ठेवा.

4 डिसेंबरला जाऊ नका, निदान त्या पहिल्या वीकेंडला तरी नको. 9 ऑगस्ट 2018 ला हैदराबादचं दुकान उघडलं तेव्हा रस्ते तुंबले होते, आणि सिल्व्हिया पार्क एरवीही माउंट वेलिंग्टन हायवे आणि मोटरवेच्या तोंडावर शनिवारी कोंडतंच. बघायलाच जायचं तर ईस्टर्न लाइनच्या ट्रेनने जा, सिल्व्हिया पार्क स्टेशन मॉलला लागूनच आहे. दुकान 34,000 चौरस मीटरचं आहे, मुलीचे पाय दुखतील हे धरून चला. हाती लागतं ते घेऊन या आणि मोठी खोकी घरपोच मागवा, ऑनलाइन विक्रीही त्याच दिवशी सुरू होतेय. स्वतः आणायचीच असतील तर पॅक्सची 236 सेंटिमीटरची खोकी हॅचबॅकमध्ये मावत नाहीत. भाड्याने ट्रेलर मिळतो, पण त्यासाठी गाडीला टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, लागतो, आणि नव्याने घेतलेल्या जुन्या जपानी गाडीला तो बहुधा नसतो.